सकाळची वीस मिनिटं

आजच्या सभेचे अध्यक्ष, विमानतळाचे मोठे साहेब. आपण ज्यांना निरोप द्यायला जमलो ते सत्कारमूर्ती, म्हणजे आपले पेटीवाले साहेब. त्यांची खुर्ची सांभाळायला आलेल्या नव्या अधिकारी बाई. पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबांच्या घरच्या वहिनी. कालव्यापलीकडच्या अंधशाळेतून मुद्दाम आलेले मास्तर. वसाहत समितीचे सगळे सभासद, आणि माझ्या शेजारच्या भावांनो, बहिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

समितीने मला पाच मिनिटं दिलेली आहेत. आजच्या समारंभासाठी काय काय आलं, त्याला काय पडलं, ते सांगायचं, आभार मानायचे आणि खाली यायचं, असं ठरलेलं आहे. तर सांगते. खुर्च्या ऐंशी आल्या. त्यातल्या तीन डुगडुगत्या निघाल्या, त्या परत पाठवल्या आणि सत्त्याहत्तर खुर्च्यांचंच भाडं दिलं, दोनशे एकतीस. फुलं आली, पंच्याण्णव. साहेबांना द्यायची प्रवासी बॅग आली, अकराशे चाळीस. दुकानदार बाराशेवर अडून होता, पण आपल्या शिंपीकाकांनी बॅग तिथल्या तिथे उलटी करून त्याला शिवण दाखवली, तेव्हा साठ उतरले. चहा, दूध, साखर, बिस्किटं मिळून सहाशे दहा. ध्वनिक्षेपकाचं काही घेतलं नाही, कारण ध्वनिक्षेपकवाल्याची आई आपल्याच वसाहतीत राहते आणि तिने मुलाला दम भरला. पावत्या दाराशी टाचलेल्या आहेत, कुणीही बघाव्यात.

इथे माझं काम संपलं. आमच्या घरातले तिसऱ्या रांगेत बसलेत आणि मघापासून मनगटावर बोट टेकवून दाखवताहेत, तेही मला दिसतंय. पण आज मी एवढंच बोलून खाली बसले तर येत्या एक तारखेला माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडेल, आणि ती माझ्या हातून घडली हे कुणाला कळणारसुद्धा नाही. आठ दिवस मला घास गोड लागलेला नाही. म्हणून अध्यक्षांची परवानगी धरून चालते आणि थोडं जास्त बोलते. मी मॅट्रिक झालेली बाई आहे, भाषणाची सवय नाही. कागदावर लिहून आणलंय, ते बघून बोलते.

साहेब आपल्याकडे पहिल्यांदा आले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा नवी लांब धावपट्टी सुरू झाली होती आणि विमानं उडाली की आपल्या छपरांवरूनच वळायची. कपाटातली भांडी वाजायची. फोनवर बोलताना "थांब, विमान" हे शब्द घराघरात लहान मुलंसुद्धा म्हणायला लागली होती. अशात एक दिवस गळ्यात पट्टा, हातात काळी पेटी घेतलेले एक गृहस्थ आले. आमच्या सासूबाईंना वाटलं कुणी गाणारे आले. त्यांनी साहेबांना बसायला पाट दिला आणि म्हणाल्या, वाजवा एखादं भजन. साहेबांनी पेटी उघडून दाखवली, आवाज मोजायचं यंत्र होतं ते. सासूबाईंना तेव्हा कमी ऐकू यायचं, कानाचं यंत्र नंतर आलं. त्या साहेबांना म्हणाल्या, "तुमची विमानं बंद करू नका हो. या घरात मला तेवढंच एक ऐकू येतं." तेव्हापासून साहेबांचं नाव पेटीवाले पडलं. खरं नाव पत्रावर लिहिताना मला अजून आठवावं लागतं.

पहिली सभा याच सभागृहात झाली. शिंपीकाका, तुम्हाला आठवत असेल, तुमचा आवाज सगळ्यांत मोठा होता. काकांनी साहेबांना विचारलं, तुम्ही राहता कुठे? साहेबांनी सांगितलं. काका म्हणाले, मग तुमच्या घरावरून का नाही उडवत? साहेब म्हणाले, "उडवू की. पण तिथेही माणसं राहतात." त्यावर सभेत फार आरडाओरडा झाला. आम्हाला ते उत्तर उर्मट वाटलं होतं. ते खरं उत्तर होतं हे कळायला मला चार वर्षं लागली.

साहेबांची एक सवय मी कुठल्याच दुसऱ्या अधिकाऱ्यात पाहिली नाही. आपलं बोलणं चालू असताना विमान आलं, तर साहेब आवाज चढवत नसत. गप्प राहायचे. विमान जाईपर्यंत आपल्याकडे बघत बसायचे, आणि आवाज विरला की ज्या शब्दावर थांबले होते त्याच शब्दापासून पुढे बोलायचे. आपला किती वेळ जातो ते त्यांनी स्वतःचा वेळ घालवून पाहिलं. वहिनींनी मला एकदा सांगितलं, बाहेर सगळ्यांचं ऐकतात, घरी मात्र मी तीन हाका मारल्याशिवाय मान वर होत नाही. वहिनी, आता निवृत्त झालेत. आता एका हाकेत येतील अशी आशा धरू या.

त्या पहिल्या सभेतच साहेबांनी सांगितलं की "फार त्रास होतो" असं लिहिलं तर वर कुणी वाचत नाही. तारीख लिहा, वेळ लिहा, आणि किती वेळ बोलणं थांबलं ते लिहा. पण हे रोज बसून लिहिणार कोण? सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा आमच्या घरातल्यांनी भर सभेत माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, हिच्याकडे द्या, आमच्या घरात मिठाच्या चिमटीचीही नोंद असते. सभा हसली आणि वही माझ्या गळ्यात पडली.

आता हेही सांगायला हवं की आमचे हे तीस वर्षं याच विमानतळावर सामान चढवण्याच्या खात्यात होते. आपल्यातली निम्मी घरं तिथल्या पगारावर चालतात. शिंपीकाका तिथल्या लोकांचे गणवेश शिवतात. म्हणजे सकाळी काका साहेबांशी भांडायचे आणि दुपारी त्यांच्याच माणसांची मापं घ्यायचे. मी वही लिहायला बसले की आमचे हे म्हणायचे, ज्यांच्या पगारावर संसार केलास त्यांच्यावरच चोपडी लिहितेस होय? मी म्हणायचे, पगार तुम्ही कष्टाचा घेतला, आवाज आम्ही फुकटात ऐकतो, त्याची नोंद तरी नको? पण मनात ते बोलणं टोचायचं. विमानतळ बंद व्हावा असं आपल्यापैकी कुणालाच कधी वाटलं नाही. आपल्याला फक्त वाक्य पूर्ण करायचं होतं.

थांबा. हे विमान जाऊ द्या.

हं. गेलं.

तर ती वही. चार वर्षं मी ती लिहिली. पाठकोऱ्या कागदांवर रेघा मारून, दोऱ्याने शिवून वह्या केल्या, विकतची एक घेतली नाही. दर महिन्याला नक्कल काढून विमानतळाच्या कचेरीत टपालाने पाठवली. आणि चार वर्षांनी तिचा गुण आला. सकाळी सात ते नऊ सगळी विमानं कालव्यापलीकडून वळवायची असा हुकूम निघाला. आठवतं ना सगळ्यांना? पहिल्या शांत सकाळी लोक गच्चीवर जाऊन उभे राहिले होते. नुसती शांतता ऐकायला. शिंपीकाकांनी मला बसायला गादी शिवून दिली, अजून वापरते. मला अभिमान वाटला, खोटं का बोलू? देवापुढे बसले की पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत सलग म्हणून व्हायचं. मला वाटायचं, देवानेच ऐकलं.

मग एका सकाळी, सभेचा दिवस नसताना, साहेब दारात आले. चहा नको म्हणाले. वहीवाल्या ताई, पंधरा मिनिटं माझ्याबरोबर येता का, शिंपीकाकांनाही घ्या, एवढंच बोलले. आम्ही पूल ओलांडून पलीकडे गेलो. साहेबांनी आम्हाला एका फाटकासमोर उभं केलं आणि ते स्वतः बाजूला झाले. आठला दहा मिनिटं कमी होती.

ते फाटक अंधशाळेच्या वसतिगृहाचं. शाळा रस्त्याच्या पलीकडे. एक्केचाळीस मुलं रांगेत उभी होती, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. सगळ्यांत पुढे मास्तर, हातात काठी. मास्तरांनाही दिसत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. मास्तरांनी मान जराशी वाकडी केली, ऐकलं, पाऊल टाकायला काठी उचलली, आणि विमान आलं. मास्तरांनी काठी खाली ठेवली. सगळी रांग उभी. विमान गेलं. पुन्हा काठी उचलली, पुन्हा विमान. त्या रस्त्याला सिग्नल आहे, मुलांसाठी टुकटुक वाजणारा आहे. पण विमानाखाली टुकटुक ऐकू येत नाही आणि गाडीचं इंजिनही नाही. वरून जायच्या पुलाचा कागद सहा वर्षं कुठल्याशा टेबलावर आहे. चौथं विमान गेल्यावर मास्तरांनी रांग सोडली, आणि अर्धी मुलं मधोमध असताना पाचवं आलं. मुलं जिथल्या तिथे थिजली. एका पावाच्या गाडीने कचकन ब्रेक दाबला. गाडी एका मुलीच्या दप्तराला घासून थांबली. दप्तराचा बंद तुटला. मुलीला काही झालं नाही. ती नऊ वर्षांची असेल. तिने हाताने चाचपून बंद शोधला आणि गाठ मारली.

शिंपीकाका खाली बसले. फुटपाथवर, तसेच. मग उठून त्या मुलीकडे गेले आणि म्हणाले, आण बाळ, मी शिवून देतो.

मी मास्तरांना विचारलं, एखादा माणूस का नाही ठेवत हात धरून न्यायला? मास्तर म्हणाले, "ठेवला तर आज नेईल. ही मुलं उद्या मोठी होऊन कुठे राहतील, तिथे कोण नेईल? त्यांना रस्ता कानाने ओलांडता आला पाहिजे. विमान वर आलं की आमचे कान मिटतात, ताई. बाकी आमची काही तक्रार नाही." ती विमानं तिकडे मी पाठवली होती. माझ्या वहीने.

त्या संध्याकाळी साहेबांनी समितीपुढे आपली अडचण ठेवली. आठला दहा मिनिटं कमी असल्यापासून आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत, वीस मिनिटं, विमानं पुन्हा आपल्यावरून वळवायची. तेवढ्यात मुलं रस्ता ओलांडून शाळेत पोचतात. पण हुकूम आपल्या वहीवरून निघालेला, तेव्हा आपल्या होकाराशिवाय साहेबांना ते करता येत नव्हतं. तेव्हा पहिला हो कुणी म्हटला? शिंपीकाकांनी. ज्यांना मनोऱ्यातून विमानांना वळणं द्यावी लागतात त्यांनीही डोकं खाजवून का होईना, मानलं. मोठे साहेब, तुमच्या आधीचे मोठे साहेब तेव्हा होते, त्यांनी "तात्पुरती सवलत" म्हणून कागद काढला. दर महिन्याला पेटीवाल्या साहेबांनी त्यावर सही करायची, की सवलत महिनाभर पुढे. अशा सात वर्षं सह्या झाल्या. चौऱ्याऐंशी. सात वर्षांत त्या रस्त्यावर एकाही मुलाला ओरखडा उठलेला नाही.

हे झालं पुण्य. आता माझं पाप सांगते.

माझी वही चालूच होती. दिवसभराच्या सगळ्या विमानांची नोंद मी करत होते, आणि त्या वीस मिनिटांतल्या विमानांचीही. मला कुणी करू नका म्हटलं नाही, आणि माझ्या मनातही आलं नाही. मधली पानं कोरी ठेवून लिहिलेल्या वहीला वही कोण म्हणेल? शिवाय, खरं सांगू, त्या वीस मिनिटांत मी देवापुढे बसलेली असते. विमान डोक्यावरून जातं, माझं म्हणणं थांबतं, मी पेन उचलते, वेळ लिहिते, आणि मनात म्हणते, हे आपल्यावरून गेलं, म्हणजे पलीकडे मास्तरांना ऐकू आलं असेल. माझ्या लेखी ती तक्रार नव्हतीच. पलीकडे मुलांनी पाऊल टाकलं त्याची ती पोच होती.

साहेबांना हे न सांगता समजलं होतं. माझं पाकीट ते स्वतः उघडायचे. त्या वीस मिनिटांच्या ओळी वेगळ्या काढायचे आणि उरलेल्याच तक्रारीत धरायचे. मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं, गेल्या आठवड्यात साहेबांनीच सांगितलं. पण गेल्या वर्षापासून कचेरीतली पद्धत बदलली. टपाल आलं की सरळ यंत्रात जातं, आणि यंत्राला एकच समजतं, शेजाऱ्याकडून आलेली ओळ म्हणजे तक्रार.

आठ दिवसांपूर्वी मी कचेरीत गेले होते, साहेबांचं निवृत्तीचं पद पत्रिकेवर नीट कसं लिहायचं ते विचारायला. तिथे या नव्या बाई भेटल्या. बाई, तुम्ही माझ्याशी फार चांगलं वागलात. उभ्या राहिलात, पाणी दिलंत. मग म्हणालात, "मावशी, तुमच्या वसाहतीसाठी आनंदाची बातमी आहे. साहेबांच्या निरोपाला आमच्याकडून भेट समजा." आणि पडद्यावर एक चित्र दाखवलंत. दिवसभर बुटक्या बुटक्या काड्या, आणि आठच्या सुमारास एक उंच मनोरा. गेल्या वर्षात त्या वीस मिनिटांविरुद्ध आपल्या वसाहतीतून दोन हजार एकशे सत्तेचाळीस तक्रारी. म्हणून ही सवलत एक तारखेपासून बंद. माझ्याच अक्षरातल्या दोन हजार एकशे सत्तेचाळीस ओळी.

मी तिथे काहीच बोलले नाही. का नाही बोलले? आठ दिवस मी स्वतःला हेच विचारते आहे. तुम्ही इतक्या आनंदाने सांगत होतात, आणि मी पाण्याचा पेला टेबलावर ठेवून उठले. घरी आले आणि आमच्या यांना सांगितलं. यांना वाटलं मी रडते म्हणजे कुणी गेलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, मिठाच्या चिमटीचं मीच बोललो होतो ना त्या सभेत? मग तू एकटीच का रडतेस?

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना गाठलं. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी सांगितलं की मी बोलून पाहिलं, पण महिनाअखेरपर्यंतचीच माझी सही चालते, पुढे माझ्या शब्दाला किंमत नाही, आणि कागदावर तक्रारी आहेत. साहेब, आज तुमचा मानाचा दिवस आहे, रागावू नका, पण थोडी चूक तुमचीही झाली. तुम्ही ती सवलत कधी पक्की केली नाहीत. पक्की करायची तर सगळ्या वसाहतीची जाहीर सुनावणी घ्यावी लागते, आणि सुनावणीत कुणी नाही म्हणेल अशी तुम्हाला भीती होती. तुम्ही सात वर्षं एकट्याच्या सहीवर एक्केचाळीस मुलांचा रस्ता पेललात. मायेनेच पेललात. पण सही करणारा माणूस कधीतरी घरी जाणार, हे आपण दोघेही विसरलो.

आज एकोणीस तारीख आहे. बारा दिवस राहिले. मी लगेच एक पत्र टाकलं होतं, त्याची पोच अजून आलेली नाही. तेही यंत्रात जाऊन दोन हजार एकशे अठ्ठेचाळिसावी तक्रार झालं की काय, या विचाराने माझा जीव उडून जातो. काल आमच्या सासूबाईंनी विचारलं, तुझं देवापुढचं आजकाल मध्येच का थांबतं? मी सांगितलं, विमान. त्या म्हणाल्या, विमान तर केव्हाच गेलं.

म्हणून मोठे साहेब, नव्या बाई, या सभागृहाच्या साक्षीने मी सांगते की माझ्या वहीतल्या त्या ओळी तक्रारी नाहीत. आणि हे मी एकटीनेच म्हणून भागणार नाही. माझ्या वसाहतीच्या लोकांनो, ही वीस मिनिटं पुढेही आपल्यावरून जाऊ द्यायची का? हात वर करू नका. मास्तर समोर बसलेत, त्यांना हात दिसणार नाहीत. तोंडाने सांगा.

ऐकलं. शिंपीकाकांचा हो पहिला आला. मधल्या रांगेतून आले. आमच्या घरातल्यांचाही आला, एरवी हे माझ्या म्हणण्याला इतक्या लवकर हो म्हणत नाहीत. मागच्या भिंतीपाशी उभे आहेत त्यांचेही ऐकले.

एक मात्र "नाही" ऐकू आलं. कोपऱ्यावरच्या घरातल्या सूनबाई, तूच ना? उभी राहा बाई. तिला कुणी गप्प करू नका, बोलू द्या तिला.

मागे ऐकू आलं नसेल म्हणून मी सांगते. ती म्हणते आहे, की तिचं बाळ चार महिन्यांचं आहे, पहाटेपासून जागवतं आणि साडेसातला कसंबसं झोपतं. आठला दहा कमी असताना पहिलं विमान आलं की दचकून उठतं, आणि मग तिचा अख्खा दिवस जातो. ती दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आली. सात वर्षांपूर्वी हो म्हटलं ते आपण, तिला कुणी विचारलंच नाही.

खरं बोलतेस तू. आम्ही तुला विचारलं नाही. आम्ही एकदा चांगलं वागलो आणि तेवढ्यावर सात वर्षं काढली. तुझं "नाही" मी आज वहीत लिहून घेते, आणि ती मात्र तक्रारच आहे, तशीच लिहिते.

मास्तर काहीतरी म्हणताहेत. बोला मास्तर.

मास्तरांनी सूनबाईला विचारलं की बाळ मुलगा की मुलगी. मुलगी. मास्तर म्हणतात, वीस मिनिटं सात वर्षांपूर्वीच्या मुलांसाठी होती. आताची मुलं चपळ आहेत, दोन रांगा केल्या तर बारा मिनिटांत जातील. आठ वाजून दहाच्या ऐवजी आठ वाजून दोनला संपवा, म्हणजे निदान शेवटची दोन-तीन विमानं तरी त्या मुलीच्या झोपेवरून जाणार नाहीत. त्याहून कमी मात्र मागू नका, असंही ते म्हणताहेत.

सूनबाई अजून उभीच आहे. ती हो म्हणाली नाही. मान हलवली तिने, पण ती कशी हलवली ते मला इथून कळलं नाही, आणि मी तिच्या वतीने काही बोलणार नाही. सुनावणी होईल तेव्हा ती स्वतः सांगेल. व्हायलाच हवी ती सुनावणी, पेटीवाले साहेब जिला भीत होते ती. मीही भिते. पण जे लपूनछपून चाललं ते माझ्यासारख्या एका बाईच्या नीटनेटकेपणाने मोडू शकतं, हे आता पाहिलं.

माझे पाच मिनिटांचे किती झाले ते विचारू नका. आता आभार. पेटीवाले साहेब, आपण आमच्यासमोर गप्प बसलात, त्याबद्दल ही वसाहत आपली ऋणी आहे. तुम्हाला आणि वहिनींना देव निरोगी ठेवो. बॅग दिली आहे ती भरून कुठेतरी जाऊन या, विमानाने गेलात तरी आमची हरकत नाही. अध्यक्षांनी इतका वेळ ऐकून घेतलं, मनोऱ्यातली मंडळी कामाची पाळी बदलून आली, शिंपीकाकांनी आणि ध्वनिक्षेपकवाल्याच्या आईने हातभार लावला, मास्तर पूल ओलांडून एकटे आले, या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते. आनंदाच्या सभेत मी काळजीचं बोलले. लहान तोंडी काही जास्त बोललं गेलं असेल, कुणाचं पद, मान चुकून डावा-उजवा झाला असेल, मोठ्या साहेबांना अवघडल्यासारखं झालं असेल, तर घरातली बाई समजून पोटात घाला.

आणि नव्या बाई, तुमच्याकडे एकच मागणं. तुम्ही आता मान हलवलीत, मला दिसलं, बरं वाटलं. पण मास्तरांना ते दिसलं नाही. सुनावणी होईपर्यंत सवलत चालू राहणार की नाही, आणि सुनावणी कोणत्या दिवशी, एवढंच लिहून हवंय. हे माझं पत्र, आणि हे त्याच्या उत्तराचं पाकीट. पत्ता मास्तरांच्या शाळेचा घातलाय, तिकीट लावलंय. तिथे ते उत्तर मुलांना वाचून दाखवायला एक बाई आहेत. काय ते, हो असो वा नाही असो, एक तारखेच्या आत उलट टपाली कळवावं, ही विनंती.